टर्बो गाडीतील फेरफार: आधी उष्णतेला वाट, मग ताकद

टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद वाढवणे आता फार अवघड राहिलेले नाही. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या ईसीयूमधील आकडे, म्हणजे मॅप, बदलले की बूस्ट वाढतो आणि तासाभरात गाडीचे पिकअप बदलते. खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण वाढलेल्या ताकदीबरोबर उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. ढोबळ हिशेब असा: जळालेल्या पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग क्रँकशाफ्ट फिरवतो, तेवढाच एक्झॉस्टमधून निघून जातो आणि उरलेला पाणी, तेल व इंजिनाच्या अंगातून बाहेर पडतो. १०५ पीएसचे इंजिन १३५ पीएसवर नेले, तर पूर्ण जोर लावताना ही तिन्ही खाती जवळपास तीस टक्क्यांनी वाढतात. रेडिएटर मात्र कंपनीने १०५ पीएससाठी दिलेलाच असतो.

हवामान हा या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग आहे. रेडिएटर किती उष्णता फेकतो, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल, तर फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात नागपुरात हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा तो फरक ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच वाऱ्यात एक तृतीयांश कमी काम करतो. थंड देशांत चोख चाललेले किट इथे अपुरे पडते, त्यामागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते. त्यात वरंधा किंवा आंबोलीसारखा घाट आला, की दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भार, एसी चालू आणि वेग इतका कमी की समोरून वाराच मिळत नाही. गाडीची खरी परीक्षा अशा चढावर होते. सरळ रस्त्यावरची दहा सेकंदांची धाव त्या मानाने सोपी, कारण तेवढ्या वेळात निर्माण झालेली उष्णता दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा आणि इंजिनाचा धातूच शोषून घेतो.

कोणताही भाग विकत घेण्याआधी मूळ गाडीची मोजमापे घ्यावीत. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा यासाठी उपयोगाचा नाही. अनेक कंपन्या तो मुद्दाम असा बसवतात की पाणी ७५ अंशांवर असो वा १०५ वर, काटा मधोमध स्थिर राहतो आणि तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटमध्ये लावायचे छोटे यंत्र आणि मोबाइलमधील ॲप यांवर पाण्याचे तापमान, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, बूस्ट आणि इग्निशन टायमिंग नोंदवता येते. तेलाचे तापमान बऱ्याच गाड्या सांगत नाहीत, म्हणून त्यासाठी वेगळा सेन्सर बसवावा. नोंदी एकाच घाटात, एकाच वेळी, वेगमर्यादेत आणि एसी चालू ठेवून घ्याव्यात. चढाचा फायदा असा, की वेग न वाढवताही इंजिनावर भार येतो. आकडे पाहायला शेजारी दुसरा माणूस असावा, चालवणाऱ्याने रस्त्यावरून नजर हलवू नये.

या नोंदींत सर्वांत बोलका आकडा म्हणजे आत जाणाऱ्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानांतले अंतर. सलग चढावर ते १५ ते २० अंशांत राहिले, तर व्यवस्था चांगली समजावी. ३० च्या पुढे जात असेल, तर बूस्ट वाढवण्याचा विचारही करू नये. चढ संपल्यावर आत जाणाऱ्या हवेचे तापमान किती वेळात खाली येते, तेही लिहून ठेवावे. पुढच्या प्रत्येक बदलाचा निकाल याच दोन आकड्यांवर लागतो.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप टायर भरताना हाताला गरम लागतो, तोच प्रकार टर्बोत फार मोठ्या प्रमाणावर घडतो. ४० अंशांची हवा १ बार बूस्टपर्यंत दाबली, म्हणजे वातावरणाच्या दुप्पट दाबावर नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १३८ अंशांवर बाहेर पडते. तीच हवा बॉनेटखालच्या कोंडलेल्या जागेतून ६० अंशांवर घेतली, तर बाहेर पडताना ती १६० च्याही वर जाते. आत जाताना एक अंश जास्त असेल, तर बाहेर पडताना सव्वा अंशाहून जास्त भर पडते. म्हणूनच एअर फिल्टरचा कंपनीचा डबा काढून त्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर लावण्याची लोकप्रिय पद्धत बहुतेक वेळा तोट्याची ठरते. आवाज छान येतो, पण फिल्टर एक्झॉस्टशेजारची तापलेली हवा ओढत राहतो. फिल्टर बदलायचाच असेल, तर तो बंद डब्यात ठेवावा आणि त्याला बंपरमधून थंड हवेचा वेगळा पाइप द्यावा.

१३८ अंशांची हवा इंटरकूलरमधून जाते. त्याची परिणामकारकता ७० टक्के असेल तर ती सुमारे ६९ अंशांवर येते, ८५ टक्के असेल तर ५५ वर. हा १४ अंशांचा फरक थोडा वाटतो, पण नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण आपोआप पेटण्याच्या, काठावर चालणाऱ्या इंजिनाला तो पुरेसा असतो. हवा गरम झाली की ईसीयू इग्निशन मागे घेतो, मग बूस्टही कमी करतो. थंड सकाळी दणकट वाटणारी गाडी दुपारी मरगळते, ती यामुळेच. अशा वेळी मॅप आणखी आक्रमक करून उपयोग नसतो, कारण वाढवलेली ताकद ईसीयू पुन्हा कापून टाकतो.

इंटरकूलर निवडताना आधी गाडीत कोणती पद्धत आहे ते पाहावे. फॉर्च्युनरच्या ३.० डिझेलमध्ये तो इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि बॉनेटवरच्या स्कूपमधून त्याला हवा मिळते. अशा जागी बसवलेला इंटरकूलर गाडी उभी राहिली की खालच्या इंजिनाच्या उष्णतेने तापत जातो. हौशी मंडळींना आवडणारी पद्धत म्हणजे बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे बसवलेला मोठा इंटरकूलर. २०१३ मध्ये भारतात आलेल्या पोलो जीटी टीएसआयची रचना मात्र वेगळी. तिच्या १.२ लिटर इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला आहे आणि तो पाण्याने थंड होतो. त्या पाण्याचे वर्तुळ मुख्य कूलंटच्या वर्तुळापेक्षा कमी तापमानावर चालते, त्याला स्वतःचा इलेक्ट्रिक पंप आणि पुढच्या बाजूला स्वतःचा छोटा रेडिएटर असतो. टर्बोपासून इंजिनापर्यंतचा हवेचा मार्ग त्यामुळे आखूड राहतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच प्रतिसाद मिळतो. दोष असा की एकामागोमाग वळणे घेत चढताना हे पाणी हळूहळू तापत जाते आणि एकदा तापले की लवकर निवत नाही. अशा गाडीला पुढे हवेचा मोठा इंटरकूलर लटकवण्यापेक्षा तो छोटा रेडिएटर मोठा करणे, पंप ठीक फिरतो का ते तपासणे आणि त्या वर्तुळात हवा अडकू न देणे, एवढ्यानेच बरेच काम होते.

हवेने थंड होणाऱ्या इंटरकूलरचे गाभे दोन प्रकारचे मिळतात. नळ्या आणि पातळ फिनचा गाभा हलका असतो आणि मागच्या रेडिएटरला जास्त वारा जाऊ देतो. पट्ट्या आणि पत्र्यांच्या थरांचा गाभा जड असतो, पण थोडा वेळ जास्त उष्णता साठवून धरतो. अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग रेससाठी दुसरा उत्तम. रोज शहरात आणि सुट्टीत घाटात चालणाऱ्या गाडीला पहिला पुरतो आणि अनेकदा तोच बरा ठरतो. कारण पुढे जाड गाभा बसवला, की त्यामागचा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही गुदमरतात. आत जाणारी हवा दहा अंशांनी थंड झाली आणि पाणी दहा अंशांनी तापले, तर हाती काही लागत नाही.

इंटरकूलरमधून जाताना हवेचा दाबही थोडा घटतो. ही घट साधारण १ ते दीड पीएसआयच्या आत ठेवावी. त्याहून जास्त झाली, तर तेवढाच बूस्ट इंजिनापर्यंत पोहोचवण्यासाठी टर्बोला अधिक फिरावे लागते आणि तो हवा आणखी तापवतो. उंचीवरही हेच होते. समुद्रसपाटीला १ बार बूस्ट म्हणजे दुप्पट दाब, पण सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला वातावरणाचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो, त्यामुळे तोच १ बार बूस्ट जवळपास २.१६ पटींवर जातो. पाइपांतील गळतीही टर्बोला असेच जास्त पळवते. ती शोधण्यासाठी टर्बोच्या तोंडावर बूच बसवून पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर असलाच पाहिजे. दाब गाडीच्या नेहमीच्या बूस्टपुढे नेऊ नये आणि बुचासमोर कोणी उभे राहू नये.

आता पाण्याची बाजू. इथे पहिला खर्च रेडिएटरवर करू नये, हवेच्या वाटेवर करावा. समोरून आलेली हवा गाभ्यातून जाण्याऐवजी बाजूच्या फटींतून निसटते, कारण तिला तो मार्ग सोपा असतो. बंपरच्या जाळीपासून रेडिएटरच्या कडेपर्यंत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या भिंती उभ्या कराव्यात, पॉप रिव्हेटने पक्क्या कराव्यात आणि पत्रा जिथे गाभ्याला टेकतो तिथे उष्णता सहन करणारी फोमची पट्टी चिकटवावी. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फटही अशीच बंद करावी. या कामाला दोन-तीन हजारांपेक्षा जास्त खर्च येऊ नये, आणि महागड्या रेडिएटरइतका फायदा कित्येकदा एवढ्यातच मिळतो. काम करताना कंडेन्सरच्या फिनमध्ये अडकलेले किडे, चिखल आणि कापूस मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने काढावेत. सर्व्हिस सेंटरमधला जोराचा फवारा फिन वाकवतो आणि वाकलेल्या फिनमधून हवा जात नाही.

आत आलेल्या हवेला बाहेरची वाटही हवी. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आवरण काढले की इंजिन थंड राहते, असा समज गॅरेजमध्ये पक्का आहे. प्रत्यक्षात अनेक गाड्यांत ते आवरण रेडिएटरमागची हवा खाली आणि मागे ओढण्यास मदत करते, शिवाय पावसाळ्यात चिखलही अडवते. बॉनेटच्या मागच्या बिजागरांखाली वॉशर घालून फट ठेवणे हीसुद्धा चुकीची युक्ती आहे. वेगात असताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत येऊ पाहते. बॉनेटला जाळी पाडायचीच असेल, तर ती पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडी मागे पाडावी. तिथे दाब कमी असतो.

कमी वेगात सगळी भिस्त पंख्यावर असते. रेडिएटरच्या मागून हवा ओढणारा पंखा पुढून ढकलणाऱ्यापेक्षा चांगला. त्याचे आवरण पूर्ण गाभ्यावर बसले पाहिजे, नाहीतर फक्त पात्यांसमोरचा गोल भागच थंड होतो. गाभ्यातून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पंखा कधी बांधू नये, कंपनाने त्या नळ्या घासतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते. वायरिंगला रिले आणि योग्य फ्यूज असावा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. त्याने दुखणे बरे होत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेते, तेल पातळ होत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेनेच फिरते. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट चढ सुरू होताना थोडी सवलत देतो, पण रेडिएटरची क्षमता वाढवत नाही. खराब असेल तर नवा बसवावा, एवढेच.

साधे पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटपेक्षा सरस असते, हे खरे आहे. पण बोअरवेलच्या जड पाण्याचा थर आत चिकटतो आणि ॲल्युमिनियमचे हेड गंजते. डीमिनरलाइज्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट निम्मे-निम्मे, हे मिश्रण आपल्या हवामानाला योग्य आहे. उघड्यावर ते १०८ अंशांच्या आसपास उकळते, तर टाकीच्या झाकणाने १ बार दाब धरला की सुमारे १३० पर्यंत टिकते. म्हणून दोन-तीनशे रुपयांचे झाकण हा या व्यवस्थेतला महत्त्वाचा भाग आहे आणि त्याचे रबर कडक झाले असेल तर ते लगेच बदलावे. कूलंट भरल्यावर गाडीचे नाक चढाकडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत हवा बाहेर पडू द्यावी. अडकलेली हवा म्हणजे हेडमधला कोरडा, तापणारा कोपरा. हेड गॅस्केट उडण्याची सुरुवात बरेचदा तिथून होते. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, उकळते कूलंट चेहऱ्यावर उडते.

तेलाचे काम इथे दुहेरी असते: वंगण देणे आणि उष्णता वाहून नेणे. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पेट्रोल इंजिनात टर्बाइनच्या बाजूचा वायू ९०० अंशांपलीकडे जातो. जोर लावून चढल्यानंतर इंजिन लगेच बंद केले, तर दांड्याभोवती थांबलेले तेल जळून काजळी धरते आणि पुढे तेलाची वाट बुजते. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत हा धोका कमी, आणि पोलोसारख्या गाडीत इंजिन बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप काही मिनिटे पाणी फिरवतो. तरीही शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवणे हा उत्तम उपाय आहे. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्यापेक्षा तो बरा, कारण त्यात वाराही मिळतो. कंपनीने मान्य केलेल्या दर्जाचे पूर्ण सिंथेटिक तेल वापरावे आणि ताकद वाढवल्यावर बदलण्याचे अंतर कमी करावे. तेल १०० ते १२० अंशांत चालले तर काळजी नाही. १३० च्या पुढे वारंवार जात असेल, तर ऑइल कूलर बसवावा, पण थर्मोस्टॅट असलेल्या जोडणीसह. नाहीतर पावसाळी सकाळी तेल तापतच नाही.

एक्झॉस्टची उष्णता बॉनेटखाली न राहू देणे हे स्वस्त आणि उपयोगी काम आहे. डाउनपाइपवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळता येते, टर्बोवर आवरण घालता येते. बिडाच्या मॅनिफोल्डवर मात्र पट्टी गुंडाळू नये, त्याला तडे जाऊ शकतात. कंपनीचे पत्र्याचे हीट शील्ड काढलेले असेल तर आधी तेच परत लावावे. ब्रेकचे तेल, पेट्रोलची नळी आणि वायरिंग यांचे अंतर हाताने तपासावे. गळलेल्या तेलाने पट्टी भिजली तर आग लागते, म्हणून गळती असलेल्या इंजिनावर पट्टी मुळीच नको.

या सगळ्यानंतर मॅपची पाळी येते. पूर्ण भारावर मिश्रण थोडे जाड ठेवले, लॅम्डा ०.८० ते ०.८५ च्या आसपास, तर जास्तीचे पेट्रोल बाष्प होताना सिलिंडर थंड ठेवते. भारतातील ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते आणि ऑक्टेनही वाढवते, म्हणजे नॉकिंगच्या दृष्टीने ते मदतच करते. पण त्याच ताकदीला ते जास्त लागते, त्यामुळे पंप आणि इंजेक्टर पुरतात का ते पाहावे लागते, आणि जुन्या गाडीतील रबरी नळ्यांचीही खात्री करावी. मॅप ज्या पेट्रोलवर केला तेच कायम भरावे. शंभर ऑक्टेनवर केलेला मॅप घेऊन गावाकडच्या पंपावर साधे पेट्रोल भरणे म्हणजे पिस्टनशी खेळ. गिअरबॉक्सची मर्यादाही विसरू नये. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आखलेला आहे.

आत जाणाऱ्या हवेत पाण्याची फवारणी हा जुना आणि परिणामकारक उपाय आहे. १९६२ च्या ओल्डस्मोबाइल जेटफायर या सुरुवातीच्या टर्बो गाडीत पाणी आणि मिथेनॉलची टाकीच होती. मालक ती भरायला विसरत आणि टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट कापत असे. आजही फवारणी बसवताना हेच तत्त्व पाळावे: टाकी रिकामी झाली किंवा नळी तुंबली तर बूस्ट आपोआप खाली आला पाहिजे. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे. बहुतेक हौशी गाड्यांना नुसते डिस्टिल्ड पाणी पुरते.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये. विमा कंपनीला बदल कळवले नसतील तर अपघातानंतर दावा अडकतो. केवळ ट्रॅकसाठी बांधलेली गाडी ट्रेलरवरून न्यावी.

काम पूर्ण झाल्यावर त्याच घाटात, त्याच वेळी पुन्हा नोंदी घ्याव्यात आणि जुन्या आकड्यांशेजारी मांडाव्यात. एका वेळी एकच बदल केला असेल, तरच कशाने काय झाले हे कळते. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर बूस्टच्या आणि पाण्याच्या पाइपांचे सर्व क्लॅम्प गार इंजिनावर पुन्हा आवळावेत, सिलिकॉनचे पाइप या काळात थोडे बसतात. पावसाळा संपल्यावर फिनमधला चिखल धुवावा आणि होळीच्या सुमारास, कडक ऊन सुरू होण्यापूर्वी, कूलंटची पातळी, झाकण आणि पंख्याचा रिले तपासून घ्यावा.